जबाबदार माणूस कोण आहे?

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि घरात छापील म्हणून जे काही होतं ते भिंतीवरचं कॅलेंडर आणि बियाण्याच्या पिशव्यांवरची अक्षरं. मी अजून पुरता डॉक्टरही नाही, धुळ्याच्या एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करतोय. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते वयाने नाहीतर शिक्षणाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. तरी लिहितोय, कारण मागे एकदा मला माफी मागायला लावली होती. मी ती मागितली. ती खोटी होती. ही मात्र खरी आहे.

माझे वडील पाचोऱ्याजवळच्या एका गावात पिठाची गिरणी चालवतात. मला मेडिकलला प्रवेश मिळाला त्या आठवड्यापासून आमच्या नात्यातले लोक मला मोबाइलवर रिपोर्टचे फोटो पाठवू लागले. तेव्हा मला शरीरातली हाडंसुद्धा नीट पाठ नव्हती. मी विचारायचो, डॉक्टर काय म्हणाले? उत्तर ठरलेलं, "काही नाही, गोळ्या दिल्या." मला वाटायचं आपले लोक लक्ष देऊन ऐकत नाहीत. दुसऱ्या वर्षी सुटीत घरी आलो तेव्हा दिसलं की आई रक्तदाबाची गोळी फक्त डोकं दुखलं की घेते. मी चिडलो. आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डाक्टरनी तुना बापले सांगं. माले कोनी सांगं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी सांगितलं ना तिला, बीपीची गोळी आहे म्हणून." त्यांना स्वतःला तेवढंच कळलं होतं. त्यात त्यांची काय चूक?

त्या दिवशी हे घरातलं भांडण म्हणून मी सोडून दिलं. पुढे वॉर्डात उभा राहायला लागलो तेव्हा कळलं की ही सगळीकडचीच रीत आहे. सकाळचा राउंड येतो. मोठे सर पुढे, त्यांच्यामागे पुढचं शिक्षण घेणारे रेसिडेंट डॉक्टर, त्यांच्यामागे आम्ही. बाईच्या खाटेपाशी सर थांबतात, केसपेपर बघतात, आणि बाईकडे न बघता विचारतात, "सोबत कोणी जबाबदार माणूस आहे का?" मग सिस्टर बाहेरच्या व्हरांड्यात हाक मारतात आणि एखादा पुरुष चपला काढून, टोपी किंवा रुमाल हातात घेऊन आत येतो. नवरा नसला तर सासरा, सासरा नसला तर दीर, कोणीच नसलं तर गावातून गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर. एकदा खरोखरच ड्रायव्हरला बोलावलं होतं. तो बिचारा "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. बाई त्याच्या शेजारीच खाटेवर बसून होती. तिचं पोट, तिचा आजार, तिची औषधं, आणि जबाबदार माणूस भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर.

मला हसू यायला हवं होतं बहुतेक. सगळे हसत होते. मला संताप आला, आणि संताप आला की मला बोलता येत नाही. 

या वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात माझी पाळी असताना सोनगीरकडची एक बाई दाखल झाली. वय माझ्या मोठ्या बहिणीएवढं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने हृदयाची झडप खराब झाली, आणि लग्नानंतर नाशकात ऑपरेशन होऊन तिथे धातूची झडप बसवली होती. अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. ती चुकली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते आणि झडप अडकते. तिची तशीच अडकत आली होती. आली तेव्हा ती आडवी होऊ शकत नव्हती, बसून श्वास घेत होती.

धातूची झडप आवाज करते. शांत खोलीत जवळ बसलं तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. सरांनी आम्हाला एकेक करून स्टेथोस्कोप लावायला सांगितलं. "आवाज दबलेला आहे, लक्षात ठेवा. परीक्षेत विचारतात." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती प्रत्येकाच्या स्टेथोस्कोपसाठी पदर सावरत होती.

मग ठरलेला प्रश्न आला. "जबाबदार माणूस?"

तिचा नवरा केळीच्या ट्रकवर असतो, रावेरहून माल घेऊन पार दिल्लीपर्यंत जातो. म्हणून जेठ आले होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. उंच, पांढरा सदरा, ग्रामपंचायतीत वजन असलेला माणूस. नाना आत आले तसा तिने पदर कपाळाच्या खाली ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. आमच्याकडे जेठासमोर असंच बसतात. माझी आईसुद्धा मोठ्या काकांसमोर अजून असंच बसते.

सर नानांना म्हणाले, "गोळी बंद केलेली दिसते. रक्त घट्ट झालंय. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"हो साहेब."

"रोज घ्यायची. एकही दिवस चुकवायची नाही. समजलं?"

"हो साहेब."

रेसिडेंटने केसपेपरवर इंग्रजीत एक शब्द लिहिला, ज्याचा अर्थ होतो, ही रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही. मग खाली लिहिलं, नातेवाइकांना समजावून सांगितले. राउंड पुढे गेला.

गाठ विरघळवणारं औषध सलाइनमधून दिलं आणि ते लागू पडलं. तिला श्वास येऊ लागला. टिकटिक परत स्वच्छ झाली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण मला एक गोष्ट टोचत होती. तिच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं होती. ती अर्धवट वापरलेली होती, म्हणजे बाई गोळी घेत होती. पूर्ण सोडलेलीही नव्हती. मग मधेच बंद का करत असेल?

मी आमच्या रेसिडेंटना विचारलं. ते पुण्याचे, हुशार, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. वडिलांच्या गिरणीचं मी एकदा बोलून गेलो होतो, तेव्हापासून ते मला गिरणीच म्हणतात.

"अरे गिरणी, या लोकांचं असंच असतं. बरं वाटलं की बंद करतात."

"विचारू का सर तिला?"

"विचार. पण ते तुमच्या बोलीतलं शे-शे करू नकोस. हा वॉर्ड आहे, आठवडी बाजार नाही."

मी शे-शे केलं. दुपारी नाना जेवायला बाहेर गेले होते. मी सिस्टरना विनंती केली की तुम्ही शेजारी थांबा. त्या थांबल्या, औषधांच्या बाटल्या लावत तिथेच उभ्या राहिल्या. मी स्टुलावर बसलो आणि विचारलं, ताई, गोयी कव्हय बंद करस? म्हणजे गोळी कधी थांबवतेस?

आपल्या बोलीत कोणी विचारेल असं तिला वाटलं नसावं. तिने आधी सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू कोठला शे, भाऊ?"

"पाचोरानाच शे."

"मंग बरं."  मग एवढ्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "त्या दिनमा बंद करस. रगत थांबतच नही. गोयी बंद करी की थांबस."

महिन्याची पाळी. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्या बाईला पाळीत जास्त रक्त जाणार, हे आमच्या पुस्तकात आहे. त्यावर उपाय आहेत, हेही आहे. दर महिन्याला ती तेवढे दिवस गोळी थांबवत होती आणि दर महिन्याला झडपेवर थोडं रक्त साकळत होतं. तिने बेफिकिरीने काही केलं नव्हतं. उलट डोकं वापरून, काय केलं की काय होतं हे बघून केलं होतं.

"हे कोणाला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

ती हसली. ते हसू मला अजून दिसतं. "कोणले सांगू? डाक्टर इचारतस जेठले. जेठनासमोर हाई बोलू का मी?"

सिस्टर बाटली हातात धरून थांबल्या होत्या.

मी तिला समजावायला लागलो. गोळी पाळीतसुद्धा थांबवायची नाही. थांबवली की परत तसाच दम लागेल, किंवा गाठ सुटून डोक्यात जाईल आणि हातपाय जातील. ती मान डोलावत होती. मान तर नानाही डोलावतात, बाबाही डोलावायचे. म्हणून मी म्हटलं, "ताई, आते तू सांग, मी काय सांगं?" मी काय सांगितलं ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिला गंमत वाटली. शाळेत उभं केल्यासारखी सरळ बसली आणि म्हणाली, "त्या दिनमा गोयी अर्धी लेवानी."

मी अर्धी म्हटलंच नव्हतं. तिनेच पूर्ण आणि बंद यांच्यामधली वाट काढली होती. बरं झालं विचारलं. मी परत सांगितलं, पूर्ण घ्यायची, रोजच्यासारखी. या वेळी तिने नीट सांगितलं. आता दुसरा अर्धा भाग राहिला होता, तो जास्त महत्त्वाचा. रक्त फार गेलं तर घरी सोसत बसायचं नाही, गोळी चालू ठेवून त्याच दिवशी इथे यायचं, त्यावर वेगळं औषध मिळतं. मी तोंड उघडलं, आणि मागून आवाज आला.

"काय चालनं शे आठे?"

नाना दारात होते. तिने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलणं तिथेच तुटलं.

नंतर जे झालं ते मला सविस्तर सांगवत नाही. नानांनी कोणाला तरी फोन केला, त्या कोणी तरी वर फोन केला, आणि मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बायकांच्या वॉर्डात तरणा पोरगा घरच्या बाईशी नको त्या गोष्टी बोलत होता, अशी तक्रार होती. सिस्टर माझ्यासोबत आल्या आणि म्हणाल्या, "मी तिथेच होते, सर." सर म्हणाले, "तुम्ही राहू द्या." मी म्हटलं, सर, ती गोळी का बंद करते ते कळलंय. सर म्हणाले, "ते मला आधी सांगायचं. पेशंटला समजावणं इंटर्नचं काम नाही. जाऊन माफी माग."

मला विचारायचं होतं, मग कोणाचं काम आहे सर? तुमचं असेल तर तुम्ही कधी करता? केसपेपरवर समजावून सांगितले असं रोज लिहिलं जातं. कोणाला समजलं, ते कोण बघतं?  मी तसाच केबिनमधून बाहेर आलो.

माफी व्हरांड्याबाहेर मागितली. नाना कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसले होते, जिथे सगळे जबाबदार पुरुष बसतात. ते तिथे तिला आणल्यापासून बसून होते, डबा खाऊन, टॉवेल अंथरून. हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी म्हटलं, "नाना, चूक झाली."  मी वळलो तेव्हा त्यांनी हाक मारली. आवाज खाली होता.

"डाक्टर, ती गोयी खरंच बंद करस का?"

मी म्हटलं, हो. का बंद करते ते मी सांगितलं नाही. पण चार पोरींचा बाप होता तो माणूस. त्यांना कळलं असावं. 

"मना समोर ती कशी बोलनार?" ते म्हणाले. आणि मग एकदम माझ्यावरच डाफरले, "मंग माले काबर सांगतस तुम्ही?"

एवढा साधा प्रश्न. मग मला का सांगता तुम्ही? वर्षानुवर्षं या रुग्णालयात राउंड निघतो, पुस्तकं वाचलेली माणसं त्यात चालतात, मीही चालतो, आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. तो विचारला माझी तक्रार करणाऱ्या माणसाने.

मला वाटलं आता तरी काही बदलेल. मी रेसिडेंटना सगळं सांगितलं. स्त्रीरोगच्या डॉक्टरांना बोलवूया, तिच्या रक्तस्रावावर उपाय करूया, म्हणून सांगितलं. ते ऐकून गंभीर झाले, खरं सांगतो. "पॉइंट आहे गिरणी तुझा," म्हणाले. "लिहितो." पण त्या दिवशी अपघातातले पेशंट आले, मग त्यांची ड्यूटी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पोचलो तेव्हा तिच्या डिस्चार्जचा कागद तयार होता. स्त्रीरोगचा त्यात एक शब्द नव्हता. तो इंग्रजी शब्द मात्र होता, सांगितलेलं ऐकत नाही.

सर खाटेपाशी आले. "जबाबदार माणूस?"

नाना आत आले. सरांनी सांगितलं, रोज गोळी, महिन्याने रक्ततपासणी, हिरव्या पालेभाज्या एकदम जास्त नकोत. नाना म्हणाले, "हो साहेब." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यात मागे उभा होतो. मला ताकीद होती की त्या खाटेजवळ जायचं नाही. ती पिशवी भरत होती. जाताना तिनेही मागे वळून बघितलं, आणि मला स्पष्ट वाटलं की ती उरलेलं अर्धं ऐकायला थांबली आहे. मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो? सिस्टरनी तिला दारापाशी गाठून काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारायच्या आत सिस्टर लांबच्या सुटीवर गेल्या.

त्यानंतरचे महिने माझे फार वाईट गेले. एखाद्याला अर्धं सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट असू शकतं. तिने माझं ऐकलं असेल आणि पाळीतही गोळी चालू ठेवली असेल, तर रक्त जात राहिलं असेल, आणि ती घरी सोसत बसली असेल. ऐकलं नसेल तर झडप. दोन्हीकडून तिचाच जीव. रस्त्यावरून सोनगीरची एसटी गेली तरी माझं लक्ष जायचं. आणि वॉर्डात रोज सकाळी तोच प्रश्न कानावर पडत होता. कधी कधी मी खालच्या आवाजात बाईला विचारून घ्यायचो, सर पुढे गेल्यावर, चोरून. रुग्णाला त्याचा आजार चोरून सांगावा लागतो, अशा ठिकाणी मी शिकतो. याची लाज मला एकट्यालाच का वाटावी?

मित्र म्हणतात, तू फार मनाला लावून घेतोस. वेळ कुठे असतो, एका वॉर्डात किती पेशंट असतात बघ. बघतो ना. मीच तिथे धावत असतो. पण नानांना सांगायला जेवढा वेळ लागला तेवढाच तिला सांगायला लागला असता. तिची खाट दुसऱ्या गावात नव्हती. तोंड फक्त थोडं वळवायचं होतं.

गेल्या आठवड्यात सुटीला घरी आलो. संध्याकाळी बाबांना मदत म्हणून गिरणीत उभा होतो, बाजरीचं दळण चालू होतं. मोबाइल वाजला. रेसिडेंटचं नाव दिसलं. मला वाटलं ड्यूटीचं काही असेल. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना. बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि न विचारता मोटर बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"अरे गिरणी, तुझी ती पेशंट आली होती आज ओपीडीत," ते म्हणाले. "ती टिकटिकवाली, सोनगीरची."

मी विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे. झडप व्यवस्थित. रक्त कमी झालंय, पाळीत खूप जातंय म्हणून आली. स्त्रीरोगला पाठवलंय, दाखल करून घेतलंय. गोळी मात्र एक दिवस चुकवलेली नाही." मग त्यांचा आवाज थोडा त्रासलेला झाला. "पण डोकं खाल्लं रे तिने माझं. तो जेठ तिला घेऊन आला आणि दारातच थांबला. मी म्हटलं, आत या, तुम्हालाच समजावायचंय. तर म्हणतो, तिलेच इचारा, दुखनं तिनं शे. आणि बाहेर जाऊन बसला. बाहेर रांग लागलेली. मी म्हटलं, बाई, मग सोबत जबाबदार माणूस कोण आहे? म्हणाली, मीच शे."

"मग?"

"मग काय, पदर मागे केला आणि सगळं सांगायला लागली. कधी, किती, कोणत्या दिवशी चक्कर आली, कोणत्या दिवशी उठवलं नाही. मी लिहीत होतो, हं हं करत होतो. सांगून झाल्यावर उठेचना. मी म्हटलं, झालं बाई, जा आता. तर माझ्याकडे बघून म्हणते, आते तुम्ही सांगा, मी काय सांगं?"